पंचेचाळीस टक्के यंत्र

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या; दुसरे, किस्से. पट्ट्या बायको महिन्याकाठी फेकून देते. किस्से टाकायला मला सकाळी बागेतल्या बाकापर्यंत जावं लागतं, आणि तिथे बसलेला प्रत्येक जण आपापले घेऊन आलेला असतो. माझी पाळी येईपर्यंत ऊन चढतं. शिवाय माझे नोकरीतले किस्से बाकावर सगळ्यांना पाठ झालेत. मी सुरुवात केली की शेवट दुसराच कोणीतरी सांगतो.

हे मात्र ताजे आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरचे.

सातपूरच्या कॉलनीत आमचं घर. वरची खोली इंजिनिअरिंगच्या दोन पोरांना दिलेली. एक वैभव, सटाण्याचा, घरची कांद्याची शेती. दुसरा सोहम, जळगावचा, ज्याला बोलण्याखेरीज कोणतंही काम जड जात असे. त्यांच्या प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये तिसरी प्रणाली. ती आईवडिलांकडे नाशिकरोडला राहायची, पण स्कूटीवरून इतक्यांदा यायची की आमच्या हिने तिच्यासाठी वेगळा कप ठरवून टाकला होता.

शेवटचं वर्ष होतं. प्रोजेक्ट होता कांदा प्रतवारी यंत्र. दोन लांब रोलर, एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला लांब. कांदे वरून सोडायचे. लहान आधी खाली पडतात, मध्यम मधे, मोठे शेवटी. कल्पना सोपी होती. पण दर महिन्याला प्रोग्रेस रिपोर्ट द्यायचा, आणि वर्षअखेरीस प्रोजेक्ट नापास झाला तर वर्ष गेलं. वैभवला सातपूरच्याच एका कंपनीने कॅम्पसमधून निवडलं होतं. अट एकच, डिग्री यंदा हवी. त्याच्या आईने ही बातमी गावात इतक्या जणांना सांगितली होती की ती परत घेण्यासारखी राहिली नव्हती.

* * *

पहिला रिपोर्ट प्रणालीने लिहिला. वैभव आणि सोहम तो घेऊन खाली आले, कारण काकांनी जन्मभर अहवालच लिहिले, असं त्यांना आमच्या हिने सांगितलं होतं. तिने ते कौतुकाने सांगितलं नव्हतं, पण पोरांना फरक कळला नाही.

‘या महिन्यातील प्रगती’ या मथळ्याखाली लिहिलं होतं: काहीच झाले नाही. वेल्डिंग करणारे बहिणीच्या लग्नाला भुसावळला गेले आहेत. ते आल्यावर होईल.

इतका खरा अहवाल मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. आमच्या बांधकाम खात्यात कोणी असा पाठवला असता, तर त्याला आधी वैद्यकीय तपासणीला पाठवलं असतं.

मी खुर्ची ओढली आणि इंग्रजीत सांगितलं, त्याचा मराठी अर्थ असा: ‘जोडकामासंदर्भात संबंधितांशी पाठपुरावा सुरू असून अनुकूल प्रतिसाद अपेक्षित आहे.’

सोहमने ते दोनदा वाचलं. “काका, म्हणजे वेल्डर भुसावळलाच आहे ना?”

“भुसावळलाच आहे. पण आता तो प्रक्रियेत आहे.”

त्यांचे गाईड खैरनार सर. हळू बोलणारे आणि कशावरही पटकन विश्वास न ठेवणारे. त्यांनी त्या वाक्याखाली लाल पेनाने ‘गुड’ लिहिलं. पोरं पेढे घेऊन खाली आली. वेल्डर पुढच्या आठवड्यात आला.

* * *

दुसऱ्या रिपोर्टपासून सरांनी नवी भानगड काढली. काम किती टक्के झालं ते लिहा.

टक्के हा माझा खास प्रांत. आमच्या खात्यात एक छोटा पूल होता. तो कागदावर कित्येक वर्षं पंच्याऐंशी टक्के होता. बैलगाड्या जायच्या, शाळेची पोरं जायची, एसटीही जायची. पण पूल पंच्याऐंशी टक्के. एकदा मोठे साहेब पाहणीला आले. जीप थांबवून उतरले, कठड्याला रेलून उभे राहिले, आणि आमच्या साहेबांना म्हणाले, “तुमचा तो पूल कधी पूर्ण होणार?”

आमचे साहेब म्हणाले, “आपण उभे आहात सर, तो भाग झालाय.”

याच साहेबांनी मला शिकवलं होतं की चालू कामाची विचारपूस होते, पूर्ण झालेल्या कामाची चौकशी होते. म्हणून झालेलं काम एकदम दाखवायचं नाही. धरणातून पाणी सोडतात तसं दर महिन्याला थोडं थोडं सोडायचं. एखादा महिना कोरडा गेला, तर आधीचं शिल्लक असतं. मी पोरांना पूर्ण वर्षाचं वेळापत्रकच करून दिलं. ऑगस्ट दहा टक्के, सप्टेंबर अठरा, ऑक्टोबर पंचवीस, असं करत करत एप्रिलला शंभर.

वैभव आणि सोहमला हे फार आवडलं. प्रणालीला नाही.

“अठरा टक्के कशाचे, काका?”

“एकूण कामाचे.”

“पण मोजले कसे?”

“सतरा कमी वाटतात आणि वीस लबाडीचे वाटतात.”

तिचे वडील शाळेत शिक्षक. घरी सगळे मिळून पंचशील म्हणायची पद्धत. ती शांतपणे म्हणाली, “काका, खोटं बोलू नये हे चौथं शील आहे. आमच्याकडे ते रोज म्हणतात.”

मी म्हटलं, हे खोटं नाही, अंदाज आहे. आमची ही आतून चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, “भात अठरा टक्के शिजला, तर त्याला आमच्यात कच्चा म्हणतात.”

मतदान घेतलं. वेळापत्रक दोन विरुद्ध एक असं मंजूर झालं. हिचं मत धरलं नाही.

* * *

रिपोर्टमध्ये ‘गृहीतके’ नावाचं एक प्रकरण असतं. ते सोहमने लिहिलं. पहिलंच गृहीतक: ‘कांदा हा पूर्ण गोल आहे.’

गणितं त्यावरच केलेली होती, त्यामुळे चाचणीलाही त्याने गोल वस्तू आणल्या. रबरी चेंडू, प्लॅस्टिकचे चेंडू आणि दोन मोसंबी. यंत्राच्या लाकडी नमुन्यावरून ते असे सुरेख घरंगळत गेले की त्याने व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला. वैभवने तो सटाण्याला वडिलांना पाठवला.

अण्णांचा लगेच फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकला. आधी त्यांनी पोराची तब्येत विचारली. मग म्हणाले, “कांदा शे भाऊ तो, चेंडू नही.”

पुढे काही न बोलता त्यांनी दोन गोण्या पाठवल्या. गावचा टेम्पो नाशिकच्या द्वारका चौकात थांबणार होता. वैभव आणि सोहम तिथल्या गर्दीत रिक्षा उभी करून गोण्या चढवत असताना मागच्या सगळ्या गाड्यांनी त्यांचा उद्धार केला. सोहम म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ बोलायला काही नव्हतं.

नमुन्यावर खरे कांदे सोडले. एक कांदा मान अडकवून आडवा झाला. दुसरा त्याच्यावर बसला. तिसऱ्याची साल रोलरला गुंडाळली. दोन मिनिटांत वाहतूक द्वारकेसारखी झाली.

गृहीतक बदलावं लागलं. नवं वाक्य प्रणालीने लिहिलं: ‘कांदा हा कांद्यासारखा आहे.’ सरांनी त्यावरही ‘गुड’ दिलं, आणि हे ‘गुड’ मला पहिल्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात वाटलं.

त्या दोन गोण्यांनी आमच्या घराचं कल्याण झालं. चाचणी झाली की कांदे खाली यायचे, आकारवार. बारीक कांद्याला आमच्याकडे गोल्टी म्हणतात. गोल्टी आमची ही भरल्या भाजीला घ्यायची. मध्यम शेजारी जायचे. शेजारच्या वहिनी एकदा दारात येऊन म्हणाल्या, “या आठवड्याचा रिपोर्ट झाला का हो? घरातले कांदे संपलेत.”

* * *

खैरनार सर संशयी का झाले, त्याचाही एक किस्सा आहे. तो सोहमने खाली येऊन नकलेसह सांगितला होता.

आदल्या वर्षीच्या एका ग्रुपने ऊस सोलायचं मशीन दाखवलं. ऐटबाज निळा रंग, मोटर झकास, मशीन लोण्यासारखं चालत होतं. सर खूश झाले. कौतुकाने त्यांनी मशीनवर हात ठेवला, तर निळा रंग हाताला लागला. ओलाच होता. रुमालाने पुसला, तर खालून पिवळा निघाला, आणि पिवळ्यावर चार नावं निघाली. त्या चौघांपैकी एकही पोरगा खोलीत नव्हता. ते दुसऱ्याच कॉलेजमधून दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेले होते.

सरांनी विचारलं, “ही नावं कोणाची?”

ग्रुपलीडर म्हणाला, “सर, संदर्भग्रंथ.”

अख्खा ग्रुप नापास झाला. तेव्हापासून सरांचा नियम झाला: अचानक पूर्ण झालेलं मशीन म्हणजे विकत आणलेलं मशीन.

* * *

आणि आमच्या पोरांचं मशीन नेमकं अचानक पूर्ण झालं.

एमआयडीसीत एक चाचा आहेत. त्यांचं छोटं वर्कशॉप. संक्रांतीच्या सुमारास त्यांची एक मोठी ऑर्डर पुढे ढकलली गेली. शेड रिकामी, लेथ रिकामा, माणसं रिकामी. चाचांनी पोरांना बोलावून घेतलं. म्हणाले, आता करा, नंतर मला वेळ नाही. एका आठवड्यात रोलर कातून झाले, सांगाडा उभा राहिला, मोटर बसली, साखळी चढली. बटण दाबलं. अण्णांनी नंतर पाठवलेल्या तिसऱ्या गोणीतले कांदे रांगेत गेले आणि आपापल्या क्रेटमध्ये पडले, कोणी दटावल्यासारखे.

वैभवने लगेच घरी फोन लावला. चाचांनी सगळ्यांना फाफडा खायला घातला. तिघं आमच्याकडे आली तेव्हा त्यांच्या तोंडावर जे तेज होतं, ते मी फक्त पगारवाढीच्या दिवशी कारकुनांच्या तोंडावर पाहिलंय.

मी विचारलं, “या महिन्याचा रिपोर्ट गेला का?”

गेला होता. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे. पंचेचाळीस टक्के.

तेवढ्यात सोहमच्या फोनवर कॉलेजच्या ग्रुपचा मेसेज आला. खैरनार सर सोमवारी स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन प्रत्येक ग्रुपचं काम रिपोर्टशी ताडून बघणार होते.

वैभवचा चेहरा उतरला. गुरुवारी पंचेचाळीस आणि सोमवारी शंभर, म्हणजे सरांच्या नियमाने विकत आणलेलं. म्हणजे नापास. म्हणजे सातपूरची नोकरी गेली, आणि आईने गावात काय सांगायचं?

प्रणाली म्हणाली, “सरळ खरं सांगू या.”

सोहम म्हणाला, “खरं काय सांगणार? की ऑगस्टपासून आम्ही आकडे काकांकडून घेतले?”

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. ही आतल्या खोलीत निघून गेली, हसायला.

मी म्हटलं, “अहवाल तर गेलेला आहे. तो बदलता येत नाही.”

“मग?”

“मग यंत्र बदला.”

* * *

शनिवारी पोरं मशीन खोलायला गेली. गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हती, कारण पंचावन्न टक्के म्हणजे नेमकं काय काढायचं, यावर भांडण लागलं. सोहमचं म्हणणं वजनाने मोजावं. मोटर काढली की भागलं. वैभव म्हणाला, मोटर तर विकत आणलेली, तिला आपली मेहनत कशी म्हणायची? आपली मेहनत रोलरमध्ये आहे, रोलर काढू. प्रणाली म्हणाली, “दोन रोलरचं मशीन आहे. एक काढला तर पन्नास टक्के होतात. पाच टक्क्यांसाठी अजून काय?”

शेवटी एक रोलर, साखळी आणि बाजूचा पत्रा काढायचा ठरला. साखळी रोलरच्या हिशेबात धरली, आणि पत्रा म्हणजे पाच टक्के.

चाचा स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी पाना दिला नाही आणि अडवलंही नाही. सगळं सुटं होऊन पोत्यावर मांडल्यावर म्हणाले, “बनवाने तो सब आते हैं, बेटा. बना हुआ खोलने पहली बार कोई आया.”

सोमवारी खैरनार सर आले. हातात रिपोर्ट. तो वाचायचे, मशीनकडे बघायचे, पुन्हा वाचायचे. खाली वाकून रंगाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “अठरा ग्रुप बघितले. रिपोर्टशी तंतोतंत जुळणारं काम एवढंच आहे.”

लाल पेनाने लिहिलं, ‘व्हेरी गुड’. त्यांच्या हातून हा शब्द पहिल्यांदाच उतरला होता म्हणे.

जाताना चाचांना विचारलं, “पोरं काम करतात ना नीट?”

चाचा म्हणाले, “साब, ऐसी मेहनत मैंने किसी को करते नहीं देखा.”

* * *

मशीन परत जोडलं आणि ते चालेना.

म्हणजे चालायचं, पण लहर येईल तसं. पहिल्यांदा रोलर, चाकं, साखळी सगळं एका रेषेत कसं बसलं, ते कोणालाच माहीत नव्हतं. ते जुळून आलं होतं, आणि जुळून आलेली गोष्ट उलगडली की पुन्हा जुळेलच असं नसतं, हे लग्न झालेल्या कोणीही सांगितलं असतं. आता थोडे कांदे गेले की साखळी खट् करून निसटायची. बसवली की पुन्हा थोडा वेळ सुरळीत. चाचांची ऑर्डर परत आली होती, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वैभव रोज कॉलेज सुटलं की कोपऱ्यात बसून ती साखळी बसवायचा. घरून फोन आला तर “चालू शे” एवढंच सांगायचा.

एप्रिल आला. वेळापत्रकाप्रमाणे शंभर टक्के लिहायचे होते.

मी वाक्य तयार ठेवलं होतं: ‘अंतिम टप्प्यातील सूक्ष्म समायोजन प्रगतिपथावर आहे.’ प्रणालीने ते नम्रपणे ऐकून घेतलं, चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि म्हणाली, “काका, हा मी लिहिते.”

या वेळी मतदान झालं नाही. वैभवनेच मान हलवली. म्हणाला, “लिहू दे तिला. लय झाले टक्के.”

तिने लिहिलं: ‘यंत्र चालते. काही वेळाने साखळी निसटते. बसवली की पुन्हा चालते. जानेवारीत हे यंत्र आजच्यापेक्षा चांगले होते. मधे आम्ही ते खोलले.’

खैरनार सरांनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. हा रिपोर्ट कोणी लिहिला, विचारलं. प्रणाली म्हणाली, मी. मग आधीचे कोणी लिहिले? शेवटी वैभवने सांगून टाकलं की घरमालक काका सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. खात्यात होते, निवृत्त झालेत.

“नक्की निवृत्त झालेत?” सरांनी विचारलं.

“हो सर.”

“मग ठीक आहे.”

रिपोर्टवर त्यांनी काहीच लिहिलं नाही. ‘गुड’ नाही, काही नाही. त्यामुळे पास की नापास, याचा अंदाज कोणालाच येईना. एवढंच म्हणाले, “मार्क आता बाहेरून येणारे परीक्षक देतील, आणि ते माझ्यापेक्षा संशयी आहेत.”

* * *

शेवटच्या परीक्षेचा हा किस्सा मी सोहमच्या तोंडून ऐकला आणि प्रणालीकडून तपासून घेतला, म्हणून खात्रीचा आहे.

बाहेरचे परीक्षक आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कायमची आठी. आमच्या पोरांच्या आधीच्या तीन ग्रुपची मशीनं त्यांनी पाहिली होती. तिन्ही नवी कोरी, चकचकीत. तिन्ही बटण दाबताच सुरू झाली होती, आणि तिन्ही ग्रुपच्या पोरांना आतली मोटर किती शक्तीची आहे ते सांगता आलं नव्हतं. त्यामुळे साहेब आधीच तापलेले.

आमच्या ग्रुपची पाळी आली. वैभवने सकाळीच अण्णांना फोन करून आशीर्वाद घेतला होता. कंपनीचं रुजू व्हायचं पत्र त्याच्या बॅगेत होतं. का आणलं होतं, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

बटण दाबलं. रोलर फिरले. गोल्टी गोल्टीच्या क्रेटमध्ये गेली, मध्यम मध्यमच्या. परीक्षक दोन पावलं पुढे आले. आणि मोठे कांदे टोकाशी पोचले न पोचले तोच खट् करून साखळी निसटली.

वैभव खाली बसला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या, आणि सायकलची साखळी बसवावी तशी ती बसवली. मशीन पुन्हा सुरू झालं. मोठे कांदे पडू लागले, आणि परत खट्. पुन्हा बसवली.

परीक्षकांनी हात मागे बांधले. मार्कांचा कागद टेबलावर कोराच होता. ते वैभवला म्हणाले, “आज सगळे हेच सांगतायत, की मशीन आम्हीच बनवलं. तुम्ही हे विकत आणलं नाही, कशावरून?”

प्रणालीने तोंड उघडलं होतं. सोहमनेही. पण उत्तर वैभवने दिलं. तो अजून खाली उकिडवाच बसलेला होता, दोन्ही हात ग्रीसने काळे.

“सर,” तो म्हणाला, “विकत आणलं असतं तर चाललं असतं.”

परीक्षकांच्या कपाळाची आठी पहिल्यांदाच सुटली. मग मार्कांचा कागद पुढे ओढून त्यांनी खैरनार सरांकडे पेन मागितलं.